पीयूसीआधी डिझेल गाडीची काजळी कशी काढायची? मशीन काय मोजतं इथपासून धारूर घाटापर्यंत

पीयूसीची तारीख जवळ आली की बरेच जण एक काम हमखास करतात. सायलेन्सरच्या तोंडात फडकं घालून आतली काजळी पुसून काढतात. पाइप चकचकीत दिसतो, पण मशीनवरच्या आकड्यात काडीचाही फरक पडत नाही. मशीन पाइपाला चिकटलेली काजळी मोजतच नाही. रेस केल्यावर त्या क्षणी बाहेर येणारा धूर तेवढा मोजतं.

या धुरात दोन प्रकारची काजळी असते. एक इंजिनात आत्ता तयार होणारी, आणि दुसरी सायलेन्सरमध्ये आधी साचलेली, जी रेसच्या झटक्यानं सुटून बाहेर येते. दुसरी काढणं सोपं आहे, फुकट आहे आणि एका फेरीत होतं. पहिलीसाठी हवा, नोझल, टर्बो असं एकेक तपासावं लागतं. या दोन्हींत गल्लत झाली की माणूस बाटलीतली औषधं विकत घेत बसतो आणि गाडी परत नापास होते.

हा लेख धारूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. म्हणजे दहा-पंधरा वर्षांची बोलेरो, सुमो, तवेरा, पुण्याहून सेकंड हँड आणलेली डिझेल स्विफ्ट, आणि हल्लीच्या बीएस ६ गाड्या. बीएस ६ चं गणित वेगळं आहे, ते पुढे स्वतंत्र दिलं आहे.

मशीन नेमकं काय बघतं?

डिझेलच्या पीयूसीला जे यंत्र वापरतात त्याला स्मोक मीटर म्हणतात. तत्त्व अगदी साधं आहे. एका नळीत धूर घ्यायचा, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेन्सर. धुरानं किती प्रकाश अडवला, एवढंच ते बघतं. आत कार्बन आहे की इंजिन ऑइलचा निळा धूर आहे की थंड सायलेन्सरमधली पाण्याची वाफ आहे, हे त्याला कळत नाही. जे काही प्रकाश अडवेल ते सगळं तुमच्या खात्यावर.

निकाल दोन प्रकारे लिहितात. एक म्हणजे हार्टरिज एकक, एचएसयू. ही साधी टक्केवारी आहे: ० म्हणजे धूर नाही, १०० म्हणजे प्रकाश पूर्ण बंद. दुसरा म्हणजे ‘के’, प्रकाश शोषण गुणांक, एकक प्रति मीटर. दोन्ही एकाच मोजणीतून येतात. प्रकाशाचा प्रभावी मार्ग ४३० मिलिमीटर धरला की के २.४५ असताना सुमारे ६५ टक्के प्रकाश अडतो, के १.६२ असताना ५० टक्के आणि के ०.७ असताना सुमारे २६ टक्के. पीयूसीच्या मर्यादा म्हणून दिसणारे आकडे हेच आहेत.

इथे एक गंमत आहे आणि ती समजून घ्यायला हवी, कारण मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडते. टक्केवारी सरळ रेषेत चालत नाही. धुरातली काजळी साधारण ‘के’च्या प्रमाणात असते, एचएसयूच्या नाही. समजा गाडी ८० एचएसयूवर नापास झाली. मर्यादा ६५. वाटतं, पंधराच तर कमी करायचे आहेत. पण ८० एचएसयू म्हणजे के सुमारे ३.७४, आणि ६५ म्हणजे २.४५. म्हणजे काजळी जवळजवळ एक तृतीयांश कमी करायची आहे. नुसत्या फिल्टरवर हवा मारून हे होईलच असं नाही. म्हणून कागदावर दोन्ही आकडे असतील तर ‘के’ बघा.

चाचणीची पद्धतही लक्षात घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन गरम. मग पाय झटकन पण धसमुसळेपणा न करता पूर्ण दाबायचा, इंजिन कमाल आरपीएमला गेलं की सोडायचं. आधी दोन-चार झटके नळी साफ करण्यासाठी, मग मोजणीचे झटके, आणि त्यांची सरासरी. इंजिन ऑइल किमान ६० अंश सेल्सियसला असणं अपेक्षित आहे.

नेमका याच चाचणीत डिझेल इंजिन सगळ्यात जास्त धूर का सोडतं? पाय दाबला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी. हवा कमी पडली की डिझेलमधला कार्बन पूर्ण जळत नाही, त्याचीच काजळी होते. त्यामुळे हवेच्या वाटेत थोडाही अडथळा असला तरी या चाचणीत तो मोठा होऊन दिसतो. रोज रस्त्यावर जी गाडी ‘तशी बरी’ वाटते ती मशीनवर नापास होते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

तुमच्या गाडीला कोणती मर्यादा?

बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना के २.४५, म्हणजे ६५ एचएसयू. बीएस ४ ला के १.६२, म्हणजे ५० एचएसयू. बीएस ६ ला के ०.७.

नवीन गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांचं प्रमाणपत्र १२ महिने चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं ६ महिने. पीयूसीशिवाय सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या वेळच्या तपासणीतही धूर बघतात. म्हणजे ज्यांची बोलेरो पंधरा वर्षांची होतेय त्यांना हा आकडा टाळता येणार नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. बीएस ४ संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं. पण २०१० सालीच ते दिल्ली परिसर आणि काही निवडक शहरांत सुरू झालं होतं, त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. बीडकडे त्याच काळात बीएस ३ गाड्या विकल्या जात होत्या. म्हणजे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या धारूरच्या एकाच गल्लीत उभ्या असू शकतात. एमएच-२३ वाली बीएस ३, तिला मर्यादा २.४५. शेजारची एमएच-१२ वाली, पुण्याहून आणलेली, बीएस ४, तिला १.६२. शेजाऱ्याची पास झाली म्हणून आपली होईल असं समजू नका. आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी कोणत्या मानकाची आहे ते लिहिलेलं असतं. आधी ते बघा, मग पुढचं.

काजळी साचते कशी?

डिझेलची काजळी नुसत्या ऑक्सिजननं जळायला साधारण ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट शंभर-दोनशे अंशांच्या पुढे फारसा जात नाही. सकाळी शाळा, मग बाजार, मग शेतावर, तिथे इंजिन चालू ठेवून गप्पा, परत घर. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. इंजिन धड गरम होत नाही, सायलेन्सर तर नाहीच. थंड भिंतीवर काजळी बसते, तिच्यात अर्धवट जळालेलं डिझेल आणि ऑइलची वाफ मिसळते आणि चिकट थर होतो. महिनोन्‌महिने हे चाललं की पीयूसीच्या दिवशी पहिल्या झटक्याला काळे तुकडेसुद्धा उडतात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे कॅशसारखं वाटतं. साचलेलं साफ केलं की प्रोग्राम पुन्हा पळतो. पण प्रोग्राममध्येच मेमरी गळत असेल तर कॅश कितीदा साफ कराल? म्हणून आधी गळती, मग सफाई. क्रम उलटा केला तर घाटाची फेरी वाया जाते.

आधी हवा

पहिलं काम एअर फिल्टर. आपल्याकडे धूळ किती, हे वेगळं सांगायला नको. मातीचे रस्ते, मळणीचे दिवस, पुढे चाललेला ट्रॅक्टर. कागदी फिल्टर काढा, आत मोबाइलचा टॉर्च धरा. सगळीकडून प्रकाश दिसला तर ठीक. काळा ठिक्कर असेल तर नवा टाका, काहीशे रुपयांचं काम आहे. कॉम्प्रेसरनं हवा मारायचीच असेल तर आतून बाहेर आणि लांबून मारा. जवळून जोरात मारली की कागद फाटतो, आणि मग धूळ थेट इंजिनात. जुन्या जीपला ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत तळाशी चिखल बसलेला असतो. ते ऑइल बदला आणि खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढतं आणि धूर आणखी वाढतो.

दुसरं, टर्बोचे होज. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी पाइप. क्लॅम्पच्या जागी ऑइलचा ओलसर डाग, चढावर ‘स्स्स’ असा आवाज, आणि ताकद कमी, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हवा तिथे गळतेय. मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, डिझेल मात्र तिच्या हिशोबानं पडतं. धूर काळाकुट्ट होतो. बऱ्याचदा क्लॅम्प आवळला की काम होतं. माझ्या मते पीयूसीआधी पैसे खर्च करायचे असतील तर पहिले इथेच करावेत.

तिसरं ईजीआर व्हॉल्व्ह. जळालेल्या वायूचा थोडा भाग परत आत पाठवणारी ही झडप आहे, नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून हिच्यात डांबरासारखा थर बसतो आणि झडप उघडीच अडकते. मग ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. झडप काढून साफ करून घ्या. चालू इंजिनच्या हवेच्या पाइपात स्प्रे मारून ‘न खोलता सफाई’ करणारे असतात, त्यापासून लांब राहा. हवा मोजणारा सेन्सर खराब होऊ शकतो, आणि डिझेल इंजिनला हवेच्या वाटेनं जळणारं काही मिळालं तर ते चावी बंद करूनही थांबत नाही. काही जण ईजीआर पत्रा लावून बंदच करतात. खरं सांगायचं तर त्यानं काळा धूर कमी होतो. पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतो, जो स्मोक मीटरला दिसत नाही, आणि असा बदल कायद्यात बसत नाही.

मग डिझेलची बाजू

शेतकरी घरात ट्रॅक्टरसाठी टिपाडात डिझेल भरून ठेवायची सवय असते, आणि अडीनडीला तेच गाडीत जातं. टिपाडाच्या तळाशी पाणी आणि गंज असतो. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून आधी पाणी काढा, फिल्टर जुना असेल तर बदला. पीयूसीआधीची टाकी तरी पंपावरून भरा.

नोझलचं काम मात्र घरी होत नाही. डिझेलचा बारीक फवारा पडायच्या ऐवजी नोझल थेंब टाकू लागलं की तो थेंब पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. खूण अशी: एका सिलिंडरची ठकठक, आयडलला हलकी थरथर आणि रेस केल्यावर दाट काळा धूर. पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावून फवारा बघता येतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत हे काम तुलनेनं स्वस्त असतं. कॉमन रेलच्या इंजेक्टरला खर्च जास्त, म्हणून हवेचं सगळं तपासून झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

टाकीत ओतायच्या बाटल्यांचं काय? इंजेक्टर क्लीनर हे अगदीच थोतांड नाही. त्यात डिटर्जंट असतं, ते नोझलवरचा थर हळूहळू काढतं. पण एक-दोन टाक्या डिझेल जळेपर्यंत फरक पडत नाही, आणि झिजलेलं नोझल त्यानं नवं होत नाही. आदल्या दिवशी ओतलेली बाटली म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

घाटाची फेरी

आता साचलेली काजळी. ती काढायला सायलेन्सर तापवावा लागतो आणि त्यातून वायूचा जोराचा प्रवाह जावा लागतो. उभ्या गाडीला रेस देऊन हे नीट होत नाही, कारण भार नसतो. भार हवा असेल तर चढ हवा, आणि धारूरकरांच्या दारातच घाट आहे.

खामगाव–पंढरपूर महामार्गावर, माजलगाव-तेलगावच्या बाजूनं येताना बालाघाटाच्या डोंगरावर चढतो तोच धारूर घाट. खालून वर येताना इंजिनला किती जास्त काम पडतं याचा ढोबळ हिशोब करू. समजा गाडी माणसांसकट २,००० किलोची, वेग ताशी ३० किलोमीटर, आणि चढ शंभर मीटरला पाच मीटर. सपाटीवर एवढ्या वेगाला अडीचेक किलोवॉट पुरतात. चढावर त्यात आणखी आठ किलोवॉटची भर पडते. म्हणजे चौपट काम, चौपटीच्या आसपास डिझेल, आणि एक्झॉस्टचं तापमान त्या मानानं भरपूर वर.

करायचं असं. एअर फिल्टर, होज ही कामं उरकल्यावर, शक्यतो पीयूसीच्या आदल्या दिवशी, निघायच्या आधी इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक बघून घ्या. घाट उतरून खाली जा, उतरताना गिअरमध्येच राहा, न्यूट्रल करू नका. वर येताना एक गिअर खाली ठेवा, आरपीएम साधारण २,००० ते २,५०० राहील असा. वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून गाडी रेटणं हा अगदी चुकीचा प्रकार आहे. त्यात हवा कमी, डिझेल जास्त, आणि काजळी निघायच्या ऐवजी नवी बनते. सुरुवातीला मागे काळा लोट दिसेल, तो हळूहळू विरळ व्हायला हवा. तापमानाचा काटा चढू लागला तर थांबा. हट्ट करू नका.

घाट अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, अपघात नेहमीचे आहेत, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या चढत असतात. इथे वेग नको आहे, भार हवा आहे. ताशी तीस पुरेसे आहेत. हंगामात ट्रॉलीच्या मागे अडकलात तर ओव्हरटेक करत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे या. वर आल्यावर केजच्या दिशेनं आणखी पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं गाडी चालवली तर काम पक्कं होतं. सायलेन्सरच्या शेवटापर्यंत उष्णता पोचायला तेवढा वेळ लागतो.

बीएस ६ ची गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल कारमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा सिरॅमिक फिल्टर. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या, एकीचं तोंड पुढून बंद, शेजारचीचं मागून. वायू भिंतीतून झिरपून जातो, काजळी मागे राहते. म्हणून या गाड्यांचा टेलपाइप आतून जवळपास स्वच्छ असतो. तोच काळा दिसू लागला तर डीपीएफ फुटला आहे किंवा आधीच्या मालकानं काढला आहे, असं समजून तपासा.

ही काजळी गाडी स्वतः जाळते. मोठ्या रस्त्यावर एक्झॉस्ट २५० अंशांच्या पुढे गेला की नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीनं थोडी थोडी जळत राहते. ते पुरलं नाही तर इंजिन जाणूनबुजून जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेतं. याला रीजनरेशन म्हणतात. त्या वेळी आयडल थोडा वाढतो, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. अशा वेळी गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं, आणि वारंवार असं झालं तर जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका.

डीपीएफचा दिवा लागला असेल तर पीयूसीच्या आधी २०-२५ मिनिटं ताशी ६० च्या पुढे, सलग चालवा. यासाठी घाट नको, मोकळा रस्ता हवा. आणि एक गोष्ट अगदी गांभीर्यानं: रीजनरेशन चालू असताना गाडी वाळल्या गवतावर, पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नका. खालचा पाइप पेट घ्यायला पुरेल इतका तापलेला असतो.

काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती वर्षानुवर्षं साठते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो. म्हणूनच कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच टाका. प्रेशर वॉशरनं डीपीएफ धुणारे गॅरेजवाले असतात. आतली भिंत फुटली की फिल्टर गेला.

डीपीएफ काढून कॉम्प्युटरमध्ये ‘डिलीट’ करून देतो, अ‍ॅव्हरेज वाढेल, असंही सांगतात. हा बदल बेकायदा आहे. स्मोक मीटर ही चोरी दरवेळी पकडत नाही हेही खरं, कारण ०.७ ही मर्यादा चांगल्या डीपीएफसाठी फारच ढिली आहे. याच कारणानं ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर आहे का ते बघतात, आणि बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी या देशांनी २०२२-२३ मध्ये धुरातले कण मोजणारी यंत्रं आणली. आपल्याकडे तसं आलं तर ‘डिलीट’ केलेल्या गाड्यांचं काय होईल, याचा विचार गाडी विकत घेणाऱ्यानं आजच करावा. आणि मागच्या दुचाकीवर बसलेलं पोर तो धूर ओढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर जून २०१२ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकला आहे.

हे करू नका

सायलेन्सरमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओतून पेटवणं. आग आत राहील याची कोणतीही खात्री नाही. साबणाचं पाणी ओतणं. काजळीचा चिखल होतो, तो मफलरच्या कप्प्यात बसतो आणि आतून पत्रा गंजतो. लाकडानं ठोकून काजळी पाडणं हा प्रकार जुन्या ट्रकवर चालत असेल, कारच्या पत्र्याला आणि डीपीएफला नाही.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करायचं, पास व्हायचं आणि परत वाढवायचं, हेही सर्रास चालतं. पास होते गाडी. पण पंप जर मुळातच जास्त डिझेल देत असेल तर तो तिथेच ठेवा ना, खर्चही वाचेल. गाडी न नेता प्रमाणपत्र आणणं हा तर वेगळाच विषय. आता नोंद ऑनलाइन जाते, नंबर प्लेटच्या फोटोसकट.

हातानं काजळी पुसणार असाल तर ओलं फडकं आणि तोंडाला मास्क. बंद शेडमध्ये हवा मारून उडवू नका.

पीयूसीच्या दिवशी

गाडी गरम करून न्या, घरून थेट नको. वीसेक मिनिटं चालवून पोचा. रांग असेल तर अर्धा तास आयडलवर ठेवू नका, त्यात सायलेन्सर थंड होतो आणि परत काजळी धरतो. इंजिन बंद करा, आणि नंबर आला की दोन-तीन हलके रेस देऊन मग नळी लावू द्या. एसी बंद ठेवा. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे आणि तो मुदत संपलेला आहे, त्याला पूर्ण रेस देणं धोक्याचं आहे. बेल्ट तुटला तर इंजिनच खोलावं लागतं. तो आधी बदलून घ्या.

नापास झाली तर नुसतं ‘फेल’ ऐकून परत येऊ नका. प्रत्येक झटक्याचा आकडा विचारा आणि लिहून घ्या. त्यात निदान दडलेलं असतं. समजा आकडे ३.४, ३.०, २.७, २.५ असे उतरत गेले, तर आत साचलेलं अजून निघतंय. आणखी एक घाटाची फेरी मारा आणि परत या. आकडे ३.१, ३.०, ३.१, ३.१ असे एका जागी असतील तर कितीही फेऱ्या मारा, काजळी इंजिनातच बनतेय. हवा आणि नोझलकडे वळा. चढत गेले, आणि धुराला निळसर झाक असेल, तर ऑइल जळतंय: टर्बोची सील, पिस्टन रिंग किंवा नुसतंच जास्त भरलेलं ऑइल. डिपस्टिक बघणं फुकट आहे, तिथून सुरू करा. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर असेल तर न जळालेलं डिझेल आहे, त्यासाठी नोझल आणि टायमिंग. हा कागद मिस्त्रीला दाखवा. ‘धूर मारतेय, बघा जरा’ असं सांगण्यापेक्षा त्याचंही काम निम्म्यावर येतं आणि तुमचं बिलही.